निवटी : जल आणि स्थल यांच्या सीमेवरील मासा

सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेल्या पुण्यातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास सागरी जीवांचा पहिला परिचय बहुधा संग्रहालयातील बरण्यांतून होतो. बरणीतील निवटी पाहिली असता माथ्यावर आलेले डोळे व बुडाशी मांसल झालेले अंसपक्ष तत्काळ ध्यानात येतात. परंतु या अवयवांचे प्रयोजन कळावयाचे, तर हा मासा ओहोटीच्या वेळी कोकणातील खाडीच्या चिखलावरच पाहिला पाहिजे. अनुकूलन म्हणजे काय, आणि काय नव्हे, हे दाखविणारे इतके बोलके उदाहरण आपल्या किनाऱ्यावर क्वचितच आढळेल.

कोळी व आगरी लोकांच्या आहारातील निवटी हा गोबी गटातील मासा होय. आपल्या खाड्यांतील बोलिऑफ्थॅल्मस या प्रजातीचे मासे डोके दोन्ही बाजूंस हालवीत चिखलावरील डायाटम खरवडून खातात. पेरिऑफ्थॅल्मस प्रजातीचे मासे लहान खेकडे, कीटक इत्यादी टिपतात. अंसपक्षांच्या आधारे कुबड्यांवर चालावे तसे ते पुढे सरकतात आणि संकट दिसताच शेपटीच्या फटक्याने उडी घेतात.

पाण्याबाहेर पडणाऱ्या माशापुढील पहिला प्रश्न श्वसनाचा. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. उष्ण प्रदेशातील तितक्याच समुद्रजलात तो ५ मिलिलिटरांच्या आतच असतो. असे असूनही सामान्य मासा हवेत गुदमरतो, कारण पाण्याचा आधार सुटताच कल्ल्यांची नाजूक पटले एकमेकांस चिकटतात. निवटीने हा भार बव्हंशी त्वचा व मुखगुहेचे अस्तर यांवर टाकला आहे. तेथे केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. मात्र हे पृष्ठभाग ओले राहिले तरच उपयोगी पडतात. म्हणून ती वारंवार ओल्या चिखलात लोळते. हवेत श्वसन करण्याची ही युक्तीच तिला पाण्याशी बांधून ठेवते.

डोळ्यांचीही गोष्ट अशीच आहे. निवटीस पापण्या नाहीत व अश्रुग्रंथीही नाहीत. ती नेत्रगोल क्षणभर खाली ओढून घेते आणि त्वचेची घडी त्यावर येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ही उघडझाप डोळा ओला ठेवणे, स्वच्छ करणे व त्याचे रक्षण करणे ही तीनही कामे करते. आणि तीसाठी नवे स्नायू उत्पन्न झाले नसून जुन्यांचीच मांडणी बदलली आहे. भक्ष्य गिळण्यासाठी जीभ नाही, हेही असेच भागविलेले आहे. आफ्रिकेतील एका जातीवरील २०१५ च्या प्रयोगांत असे दिसले की, तोंडात धरलेले पाणी पुढे लोटून भक्ष्याभोवती पसरविले जाते व भक्ष्यासह परत ओढले जाते. जुन्या साधनांची नवी योजना हाच निसर्गनिवडीचा नित्याचा मार्ग होय.

अंडी मात्र बिळातच घातली जातात, आणि चिखलातील बिळाच्या पाण्यात ऑक्सिजन अत्यल्प असतो. मलेशियातील एका जातीवरील १९९८ च्या संशोधनात आढळले की, मासा तोंडात हवा भरून बिळात नेतो व अंड्यांच्या कक्षात साठवितो.

यावरून निवटी ही माशांस भूचरांशी जोडणारी पायरी होय, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. भूचर पृष्ठवंशींचे पूर्वज मांसलपक्षी माशांत होते. कॅनडाच्या आर्क्टिक भागात २००४ मध्ये सापडलेला टिक्टालिक हा त्यांच्या निकटचा जीवाश्म सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. निवटी ही किरणपक्षी शाखेतील. तेथील साम्य वंशाचे नसून समान अडचणींवरील उत्तरांचे आहे. निवटी अर्ध्या वाटेवर थांबलेली नाही. भरती-ओहोटीमधील पट्टा हेच तिचे घर आहे, आणि तेथे ती पूर्ण आहे.

याच कारणाने ती दुर्बलही आहे. पाणी दिवसातून दोनदा चढते व उतरते, या नियमावर तिचे सारे अनुकूलन आधारलेले आहे. भराव पडून चिखलपट्टा कोरडा झाला, तर मांसल पक्ष तिला सह्याद्रीकडे नेऊ शकत नाहीत व त्वचाही श्वास घेऊ शकत नाही. अनुकूलन हा प्राण्याचा स्वतंत्र गुण नसून प्राणी व परिसर यांच्यामधील संबंध आहे. बरणीत प्राणी टिकतो. तो संबंध टिकत नाही.