धावता काटा : चालू ठेवावा की थांबवावा?

मालवण किनाऱ्यावरच्या वाड्यांतून बोटीवर किंवा आखातात नोकरीला गेलेली माणसे पुष्कळ. सुट्टीवर येताना त्यांनी आणलेली घड्याळे काही घरांत अजून जपून ठेवलेली आढळतात. गेल्या पावसाळ्यात आमचा अकरावीचा एक विद्यार्थी असेच एक घड्याळ घेऊन प्रयोगशाळेत आला. घड्याळ त्याच्या आजोबांचे, सीको ६१३९ जातीचे. बाजूला दोन खटके. वरचा दाबला की मधला लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबला की थांबतो आणि खालचा दाबला की शून्यावर येतो. म्हणजे मनगटी घड्याळातच विरामघड्याळ! यालाच क्रोनोग्राफ म्हणतात.

मुलाचा प्रश्न सरळ होता. “सर, आजो म्हणायचो, ह्यो काटो कधी थांबवू नको. घड्याळजी म्हणता, सारखो चालवू नको. खरा कोणाचा?”

आजोबा आता नाहीत आणि घड्याळाचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. तेव्हा उत्तर अंदाजाने देऊन चालणार नव्हते. चला, घड्याळाच्या पोटात शिरून पाहू या.

चावीच्या घड्याळात शक्तीचे भांडार एकच असते, ते म्हणजे एका डबीत गुंडाळलेली पोलादी कमान. चावी देऊन किंवा हाताच्या हालचालीने ती आवळली जाते आणि हळूहळू सैल होताना डबीला फिरवते. डबीला एक फेरा पुरा करायला साधारण ८ तास लागतात. तिच्यापुढे दंतचक्रांची माळ असते. या माळेतले चौथे चक्र मिनिटाला एक फेरा करते. ८ तासांची मिनिटे ४८०. म्हणजे डबीच्या एका फेऱ्यात हे चक्र ४८० वेळा फिरते.

आता भौतिकशास्त्रातला एक नियम आठवा. दंतचक्रांनी वेग वाढवला, की फिरवण्याची ताकद, म्हणजे परिबल, त्याच प्रमाणात घटते. वेग ४८० पट झाला, तेव्हा परिबल ४८० वा भागच उरले. घर्षणात जाते ते वेगळेच. आणि क्रोनोग्राफचा काटा आपली गती घेतो ती बहुधा याच चौथ्या चक्राकडून! घरात जो सर्वांत अशक्त, त्याच्याच डोक्यावर पाण्याचा हंडा द्यावा, तसा हा प्रकार आहे.

हा भार शेवटी जाणवतो तो तोलचक्राला. तोलचक्र म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर पुढेमागे झुलणारे चक्र. ते घड्याळाचा लंबकच समजा. सीको ६१३९ मध्ये तासाला २१,६०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ६. चांगल्या स्थितीतले तोलचक्र मध्यापासून एका बाजूला सुमारे २७० ते ३०० अंश झुलते. हाच त्याचा आयाम. क्रोनोग्राफचा भार पडला, की काही घड्याळांत हा आयाम वीस-तीस अंशांनी उतरतो.

“पण सर, झोका लहान झाला म्हणून वेळ कुठे बदलते?” असे तुम्ही विचाराल. शंका योग्य आहे. हायगेन्सने १६७५ मध्ये घड्याळाला सर्पिल स्प्रिंग बसवली, तिचा गुण हाच, की झोका मोठा असो वा लहान, त्याला लागणारा काळ सारखाच राहावा. पण हे झाले आदर्श स्प्रिंगचे. खऱ्या घड्याळात तोलचक्राचा तोल किंचित ढळलेला असतो आणि दंतचक्राकडून मिळणारा धक्काही अगदी नेमक्या जागी बसत नाही. आयाम उतरला की हे दोष डोके वर काढतात आणि घड्याळ दिवसाला काही सेकंद मागे किंवा पुढे जाऊ लागते.

आता झिजेचा हिशेब करू. काटा सतत चालला तर दिवसाला १,४४० आणि वर्षाला ५,२५,६०० फेरे होतात. तोच काटा रोज १० मिनिटे वापरला तर वर्षाला फक्त ३,६५० फेरे. फरक १४४ पटींचा! वंगण तेल सुकत आलेले असेल, तर त्या प्रत्येक फेऱ्याची किंमत आसाला मोजावी लागते.

म्हणजे घड्याळजीचे खरे आणि आजोबांचे खोटे? थांबा! घाई करू नका. काटा चौथ्या चक्राला जोडायच्या रीती दोन आहेत.

पहिली रीत जुनी. एका भुजेवर बसवलेले छोटे दंतचक्र बाजूने सरकत येते आणि आपले दाते काट्याच्या चक्रात अडकवते. दाते दात्यांवर आपटतात, म्हणून काटा सुरू होताना कधीकधी टुणकन उडी मारतो. चालताना तो थरथरू नये म्हणून त्याच्या चक्रावर एक पातळ पट्टी दाबून ठेवलेली असते. पट्टी कसली, तो एक लहानसा ब्रेकच! काटा चालू आहे तोवर हा ब्रेक शक्ती खात राहतो. अशा घड्याळाला घड्याळजीचा सल्ला अगदी लागू.

दुसरी रीत मोटारसायकलच्या क्लचसारखी. दोन चकत्या एकावर एक असतात आणि स्प्रिंगच्या दाबाने चिकटून एकत्र फिरतात. काटा थांबवायचा झाला की दोन चिमटे आत येऊन त्यांना अलग करतात. १९६९ मध्ये आलेल्या सीको ६१३९ मध्ये हीच रचना आहे. इथे चकत्या एकमेकींवर घासत नाहीत, जोडीने फिरतात. त्यामुळे काटा चालू असताना पडणारा जादा भार फारच थोडा. शिवाय या घड्याळाला दुसरा सेकंदकाटाच नाही. मधला काटा थांबवला तर घड्याळ चालू आहे की बंद, हे चटकन कळणार कसे? बोटीवर पाळी सांभाळणाऱ्या आजोबांनी तो चालू ठेवला, यात नवल नाही. अमेरिकेचे अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३-७४ मध्ये स्कायलॅबवर ८४ दिवस काढले, तेव्हा त्यांच्या मनगटावरही याच जातीचे घड्याळ होते.

तेव्हा खरे दोघांचेही. घड्याळजी बोलला तो पहिल्या रीतीबद्दल, आजोबांनी केले ते दुसऱ्या रीतीला धरून. मात्र एक गोष्ट दोन्हींना समान आहे. तेल सुकलेले असेल तर आधी घड्याळ साफ करून घ्यावे, मगच काटा चालवावा.

एवढ्यावर मुलाने मला पकडले. “पण सर, प्रॅक्टिकल संपल्यावर चावीचे विरामघड्याळ बंद करू नका, चालूच ठेवा, असे तुम्हीच सांगता!” खरे आहे. पण त्याचे कारण निराळे. ते घड्याळ एरवी बंदच असते. आवळलेल्या कमानीसकट ते कपाटात महिनोन् महिने पडून राहिले, तर जुन्या पद्धतीची पोलादी कमान ताणाखाली राहून हळूहळू आपला जोर गमावते. म्हणून तिला पुरती सैल होऊ द्यायची. मनगटी घड्याळाची कमान रोजच सैल होत असते, तिला हा नियम नको.

तुमच्या घरी असे घड्याळ असेल तर मोठ्यांना विचारून एक प्रयोग करा. घड्याळाला पूर्ण चावी द्या (आपोआप चावी मिळणारे असेल तर दिवसभर हातात घाला). मग ते तबकडी वर करून टेबलावर ठेवा आणि वेळ लिहा. क्रोनोग्राफ बंद ठेवा. घड्याळ कधी थांबले हे पाहत बसायला नको, थांबलेले काटे आणि तारीख स्वतःच ते सांगतील. दुसऱ्या खेपेस हेच सर्व क्रोनोग्राफ चालू ठेवून करा. दोन्ही खेपांत किती तासांचा फरक पडला? फरक मोठा असेल तर काटा बराच भार टाकतो आहे, असे समजा. दोन-तीनदा करून सरासरी काढायला विसरू नका.

आणखी दोन सूचना. आपल्याकडची हवा खारी आणि दमट, तेव्हा ओल्या हातांनी खटके दाबू नका, त्यांच्या फटीतूनच पाणी आत जाते. आणि काटा वर्षानुवर्षे बंदही ठेवू नका, अधूनमधून त्याला काम द्या. किनाऱ्यावर बसून २० लाटांचा वेळ मोजा आणि एका लाटेचा काळ काढा. मृगाच्या सुरुवातीला वीज चमकली की घरात बसून खटका दाबा, गडगडाट ऐकू आला की थांबवा. दर ३ सेकंदांना सुमारे १ किलोमीटर या हिशेबाने वीज किती दूर पडली ते कळेल.

तो मुलगा आता आजोबांच्या घड्याळाने हेच करतो. तेल घालून घेतल्यावर काटा त्याने चालूच ठेवला आहे.