स्वमग्नता आणि कार्यस्थळावरील अलिखित अपेक्षा

कार्यस्थळावरील अलिखित अपेक्षा म्हणजे नियुक्तिपत्रात, कामाच्या वर्णनात किंवा नियमावलीत कोठेही न नोंदवलेले, परंतु प्रत्येक कर्मचाऱ्याला आपोआप उमगतील असे गृहीत धरलेले संकेत होत. वरिष्ठांशी कसे बोलावे, बैठकीत कधी गप्प राहावे, कोणती सूचना आज्ञा मानावी, चहाच्या वेळी कोणासोबत जावे अशा अनेक बाबी त्यांत येतात. स्वमग्न म्हणजेच ऑटिस्टिक व्यक्तींना हे संकेत निरीक्षणातून टिपणे बहुधा कठीण जाते. त्यामुळे सोपवलेले काम उत्तम करूनही नोकरी टिकवण्यात अडचणी येऊ शकतात.

== स्वरूप ==
बोललेल्या शब्दांपलीकडचा अर्थ ऐकणारा संदर्भावरून काढतो, हे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये प्रकाशित झालेल्या निबंधात मांडले. कार्यालयीन व्यवहार बराचसा अशा अर्थांवर चालतो. मराठी भाषक कार्यालयात अधिकारी ‘हे आज जमलं तर बघा’ असे म्हणतो, तेव्हा ती प्रायः सौम्य शब्दांतील आज्ञा असते. शब्दशः अर्थ घेणारा कर्मचारी हातातले काम आधी संपवतो आणि आज जमले नाही असे प्रामाणिकपणे सांगतो. उलटपक्षी ‘बघू या’ हा अनेकदा नकार असतो. तो न ओळखणारी व्यक्ती आठवडेच्या आठवडे उत्तराची वाट पाहते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांची निवड हाही असाच संकेत आहे. सहकाऱ्याला ‘अहो-जाहो’वरून ‘अरे-तुरे’ म्हणण्यास केव्हा सुरुवात करावी, हे कोणी कोणाला शिकवत नाही.

अशा चुकांची चूक म्हणून नोंद होत नाही, हा यातील सर्वांत गंभीर भाग आहे. मूल्यमापनात ‘सर्वांशी जमवून घेत नाही’ किंवा ‘उद्धटपणे बोलतो’ असे शेरे येतात. कोणता संकेत मोडला हे न कळल्याने तो सुधारण्याची संधीही मिळत नाही.

== गैरसमजाची दुसरी बाजू ==
ही अडचण केवळ स्वमग्न व्यक्तीची उणीव मानण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, यांनी २०१२ मध्ये ‘दुहेरी सहानुभूतीची समस्या’ ही संकल्पना मांडली. तिच्यानुसार बिगर-स्वमग्न व्यक्तींनाही स्वमग्न व्यक्तींचे मन तितकेच दुर्बोध वाटते. मात्र बहुसंख्याकांचे न समजणे दोष गणले जात नाही. कॅथरीन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळ्यांमधून माहिती पुढे सांगण्यात आली. केवळ स्वमग्न आणि केवळ बिगर-स्वमग्न व्यक्तींच्या साखळ्यांत ती सारख्याच प्रमाणात टिकली. मिश्र साखळ्यांत मात्र अधिक गळाली.

नोकरीच्या मुलाखतीसंदर्भात नोआ सॅसन व सहकाऱ्यांचे २०१७ मधील संशोधन महत्त्वाचे ठरते. स्वमग्न व्यक्तींची लहानशी चित्रफीत किंवा ध्वनिफीत अनुभवणाऱ्यांचे त्यांच्याविषयीचे पहिले मत प्रतिकूल बनले. तेच बोलणे केवळ लिखित स्वरूपात वाचणाऱ्यांच्या मतांत हा फरक आढळला नाही.

== जुळवून घेण्याचे मार्ग ==
सर्वाधिक चर्चिला गेलेला मार्ग म्हणजे मास्किंग, अर्थात मुखवटा धारण करणे: नजरेला नजर भिडवणे, इतरांच्या हावभावांची नक्कल करणे, गप्पांसाठी वाक्ये आधीच घोकून ठेवणे. लॉरा हल व सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासात सहभागी व्यक्तींनी यामागे इतरांत मिसळण्याची इच्छा आणि परिणामी येणारा तीव्र थकवा, या दोहोंचा उल्लेख केला. दिवसभराचा मुखवटा यशस्वी झाला तर अडचण आहे हेच कोणास पटत नाही, असा हा पेच आहे.

दुसरा मार्ग अव्यक्त ते व्यक्त करून घेण्याचा. तोंडी सूचनेनंतर आपल्याला काय समजले हे ईमेलने कळवणे, ‘हे आवश्यक आहे की ऐच्छिक?’ असे सरळ विचारणे, विश्वासू सहकाऱ्याकडून बैठकीतील आशय समजून घेणे, या त्याच्या पद्धती होत. त्यालाही मर्यादा आहे. कारण वरिष्ठांना उलट प्रश्न न विचारणे हाच काही कार्यालयांत अलिखित नियम असतो. म्हणून कामाची मुदत व प्राधान्यक्रम लेखी देणे, बैठकीची विषयपत्रिका आणि मुलाखतीचे प्रश्न आगाऊ पाठवणे असे बदल आस्थापनेकडून होणे अधिक परिणामकारक ठरते. त्यांना खर्च जवळजवळ येत नाही. मात्र ते मागण्यासाठी कर्मचाऱ्याला बहुधा आपली स्वमग्नता उघड करावी लागते, आणि प्रौढपणी निदानच न झालेल्यांना हा पर्याय सहसा उपलब्ध नसतो.

== भारतातील कायदेशीर स्थिती ==
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत स्वमग्नतेचा समावेश आहे. कलम २० नुसार शासकीय आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी समायोजन पुरवणे बंधनकारक आहे, तर कलम २१ प्रत्येक आस्थापनेस समान संधी धोरण जाहीर करण्यास सांगते. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांसाठी एकत्रित आहे. या आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. कलम २० मधील समायोजनाच्या तरतुदीत ही अट घातलेली नाही.