बोलणे पाकिटात घालताना

इंटरनेटवरून बोलता येते, हे आता शाळेतल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण टेबलावरचा साधा, तारेचा टेलिफोन इंटरनेटला जोडायचा असेल, तर मध्ये एक दुभाषी लागतो. त्याला ‘व्हॉइस गेटवे’ म्हणतात. पुष्कळदा तो राउटरच्या पेटीतच बसवलेला असतो. हा दुभाषी काय करतो आणि त्याला कोणत्या सूचना द्याव्या लागतात, ते आपण पाहू या.

टेलिफोनच्या जुन्या पद्धतीत बोलणे सुरू झाले की दोघांसाठी एक वाट राखून ठेवली जाते. इंटरनेटवर अशी राखीव वाट नसते. तेथे माहितीचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा पत्ता लिहिलेल्या पाकिटात घालतात आणि पाठवून देतात. ही पाकिटे वाटेत रखडतात, मागेपुढे होतात, क्वचित हरवतातही.

आवाज पाकिटात कसा भरायचा? टेलिफोनवर साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज पाठवतात. मोजमाप सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा घ्यावे लागते. म्हणून गेटवे दर सेकंदाला ८,००० वेळा आवाज मोजतो आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितो. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. सामान्यतः एका पाकिटात २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे १६० बाइट भरतात. त्यावर पत्ता, अनुक्रमांक इत्यादींचे ४० बाइट चढतात. सेकंदाला अशी ५० पाकिटे, म्हणजे एकूण ८०,००० बिट.

‘जी.७२९’ या पद्धतीने आवाज दाबून ६४,००० ऐवजी ८,००० बिटांत बसवता येतो. मग खर्च आठपट कमी होईल का? विद्यार्थ्यांना गणित करू द्यावे. पाकिटात आवाज उरतो २० बाइटांचा, पण पत्ता तोच, ४० बाइटांचा! पत्रापेक्षा पाकीटच दुप्पट जड. एकूण २४,००० बिट लागतात. बचत तिपटीहून थोडी अधिक, एवढीच.

आता खरी अडचण वेळेची. ती समजण्यासाठी वर्गात एक प्रयोग करावा. ‘उद्या आपल्या वर्गाची सहल निघणार नाही’ या वाक्यातला एकेक शब्द क्रमांक घातलेल्या चिठ्ठीवर लिहावा. सहा मुलांनी मैदानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून त्या चिठ्ठ्या आणाव्यात. दर टाळीला एक शब्द, क्रमाने वाचायचा. चिठ्ठी आली नसेल तर गप्प राहायचे. उशिरा आलेली टाकून द्यायची. ‘नाही’ला उशीर झाला की सहल निघालीच! आता पहिल्या चिठ्ठीनंतर पाच टाळ्या थांबून वाचन सुरू करा. वाक्य पूर्ण ऐकू येईल, पण उशिराने.

गेटवे हेच करतो. आलेली पाकिटे तो थोडा वेळ साठवतो, क्रम लावतो आणि मग ऐकवतो. प्रत्यक्षात एक पाकीट शब्दापेक्षा फारच लहान असते, त्यामुळे एखादे हरवले तर कानाला कळतही नाही. सलग अनेक हरवली तर मात्र शब्द तुटतात. आणि साठवण फार वाढवली तर दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. एका बाजूचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. म्हणून राउटरला पहिली सूचना अशी द्यावी लागते : आवाजाची पाकिटे आधी सोड, बाकीची नंतर.

दुसरी सूचना क्रमांकांची. समजा, एका शाळेच्या दोन इमारती आहेत. राउटरला सांगावे लागते : २ने सुरू होणारा क्रमांक याच इमारतीतल्या फोनकडे, ४ने सुरू होणारा इंटरनेटवरून दुसऱ्या इमारतीच्या गेटवेकडे, आधी ० फिरवले तर बाहेरच्या टेलिफोन लाइनवर. सिस्कोच्या राउटरमध्ये अशा प्रत्येक नोंदीला ‘डायल पीअर’ म्हणतात.

यादी पूर्ण वाटते ना? आता आग लागली आणि घाबरलेल्या मुलाने ११२ फिरवले, तर? १ने सुरू होणारी नोंदच नाही. फोन लागणार नाही. तशी नोंद केली तरी एक खाच उरते. सिस्कोच्या राउटरवर टेलिफोन लाइनकडे जाणाऱ्या नोंदीत जे अंक नेमके जुळतात, ते सहसा गाळले जातात. बाहेर जाताना आरंभीचे ० गळते ते आपल्या सोयीचेच. पण ११२चे तिन्ही अंक जुळले, तर तिन्ही गळतात आणि बाहेर काहीच जात नाही! तेथे ‘सर्व अंक पुढे पाठव’ असे वेगळे सांगावे लागते.

शिवाय, जुन्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळते. घरातली वीज गेली तरी तो चालतो. गेटवेची वीज गेली की त्याला जोडलेले फोनही मुके होतात. त्याला बॅटरीचा आधार हवाच.

शाळेत अशी यंत्रणा असेल, तर आमची सूचना अशी, की ती बसवणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत : ११२ फिरवल्यावर बाहेर कोणते अंक जातात? आणि वीज गेल्यावर काय होते? पहिल्याचे उत्तर गेटवेच्या नोंदींत पाहता येते. दुसऱ्याचे उत्तर मिळवायला मुख्य बटण एकदा बंद करून पाहणे पुरेसे आहे.