निरोप सासूमार्फत

उमरी तालुक्यातल्या कुठल्याही गावात आशाताईंची पिशवी उघडून पाहा. ओआरएसची पाकिटं, लोहाच्या गोळ्या, नोंदवही आणि त्यातच कुठेतरी ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीची पाकिटं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. पैसे लागत नाहीत. ‘रोजची नाही ना ताई?’ एवढं विचारून बाया गोळ्या घरी नेतात. ही गोळी माणसाच्या आधी उंदरांच्या गर्भाशयात पारखली गेली.

उंदराचं गर्भाशय आपल्यासारखं एका पिशवीचं नसतं. त्याला दोन शिंगं असतात. वयात न आलेल्या उंदराच्या मादीत ती दोऱ्यासारखी बारीक, फिकट दिसतात. तिला तीन दिवस इस्ट्रोजेन द्या, चौथ्या दिवशी तीच शिंगं टपोरी, लालसर, आत पाणी भरलेली निघतात. कापून काट्यावर ठेवली की वजन कित्येक पटींनी वाढलेलं. एखाद्या रसायनात इस्ट्रोजेनचा गुण आहे का, हे पाहायला जगभर आजही हीच परीक्षा घेतात.

ही वाढ होते कशी, ते घड्याळ लावून पाहण्यासारखं आहे. पहिल्या काही तासांत रक्तवाहिन्या पाझरू लागतात, ऊतीत पाणी उतरतं आणि रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात. अजून एकही नवी पेशी जन्मलेली नसते, नुसती सूज असते. आतल्या अस्तराच्या पेशी दुभंगू लागतात त्या दुसऱ्या दिवशी. बाहेरच्या स्नायूंचं काम आणखी वेगळं: ते कळांसाठी तयार होत असतात. संप्रेरक एकच, पण ज्याचा त्याचा प्रतिसाद निराळा.

इस्ट्रोजेन पेशीत शिरून कुणाला भेटतं, हे शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस शोधायला घेतलं. किरणोत्सारी खूण केलेलं संप्रेरक त्यांनी मादी उंदरांना दिलं. इतर अवयवांतून ते निघून गेलं, गर्भाशयाने मात्र धरून ठेवलं. म्हणजे तिथे त्याला ओळखणारा कुणीतरी होता. त्याला आपण ग्राही म्हणू. मग साऱ्यांनी सरळ हिशेब मांडला: अस्तराच्या पेशीत ग्राही आहे, इस्ट्रोजेन त्याला भेटतं, पेशी दुभंगते.

हिशेब चुकला होता. 1997 मध्ये पॉल कूक, जेराल्ड कुन्हा आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या गर्भाशयाचं अस्तर आणि त्याखालच्या आधारपेशी सोलून वेगळ्या केल्या. काही उंदरांत ग्राहीचं जनुकच निकामी केलेलं होतं. याचं अस्तर त्याच्या आधारपेशींवर, त्याचं याच्यावर, अशा जोड्या लावून त्यांनी त्या दुसऱ्या उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली वाढवल्या. अस्तरात ग्राही नसला तरी त्याच्या पेशी दुभंगल्या, फक्त खालच्या आधारपेशींत तो असायला हवा. आधारपेशी बहिऱ्या असल्या की अस्तर जागचं हलेना.

जुन्या वाड्यांत सासरा सुनेशी थेट बोलत नसे, निरोप सासूमार्फत जाई. इथेही तसंच. आधारपेशी इस्ट्रोजेनचं ऐकतात आणि वाढीचे रेणू सोडून अस्तराला कळवतात. पण सुनेलाही कान असतातच. 2010 मध्ये फक्त अस्तरातला ग्राही काढलेल्या माद्या तयार झाल्या. त्यांच्या पेशी दुभंगत होत्या, पण पुढे टिकत नव्हत्या, आणि त्या माद्यांना पिलं होत नव्हती. वाढ सासूच्या सांगण्यावरून, टिकणं आणि नांदणं स्वतःच्या कानांवर! मला हा सगळ्यात सुंदर निष्कर्ष वाटतो.

प्रोजेस्टेरॉन आलं की पुन्हा पालट होतो. अस्तराची वाढ थांबते, आधारपेशी दुभंगू लागतात. गरोदरपणाच्या चौथ्या दिवशी इस्ट्रोजेनचा छोटासा झोका येतो, ग्रंथी ‘लिफ’ नावाचं प्रथिन सोडतात आणि गर्भ रुजायला जागा होते. हे प्रथिन नसलेल्या मादीत गर्भ तयार होतो, पण रुजत नाही. तोच गर्भ दुसऱ्या मादीत ठेवला तर रुजतो. दोष बियाण्यात नसतो, वाफसा नसतो.

छाया नेमकी इथे घुसते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत नित्या आनंद आणि सहकाऱ्यांनी तिचा रेणू घडवला. त्याचं नाव सेंटक्रोमन. 1991 मध्ये तो ‘सहेली’ नावाने बाजारात आला, पुढे सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ झाला. तो स्वतः स्टेरॉइड नाही, पण ग्राहीच्या जागेवर जाऊन बसतो. गर्भाशयात तो मुख्यतः इस्ट्रोजेनला आडवा येतो, हाडांत मात्र त्याच्यासारखाच वागतो. बीजांड बाहेर पडणं सहसा थांबत नाही, पण गर्भ रुजण्याची वेळ आणि अस्तराची तयारी यांची गाठ पडत नाही. सुरुवातीला काही जणींची पाळी लांबते ती बहुतेकदा या गोळीमुळे, आणि बायांची पहिली धास्ती तीच असते.

तेव्हा छाया सुरू करण्याआधी एक करा: अलीकडे कावीळ होऊन गेली असेल किंवा अंडाशयात गाठी असल्याचं सोनोग्राफीत निघालं असेल, तर ते आशाताईंना आणि डॉक्टरांना आधी सांगा.