माळवदाचे घर पुन्हा बांधताना

शहरातील नोकरी आटोपून उदगीर परिसरातील आपल्या गावी घर बांधू इच्छिणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा वडिलार्जित माळवदच असते. जाड दगडी भिंती व वर पांढऱ्या मातीचा थर असलेले हे घर उन्हाळ्यात थंड राहते, हे खरे. परंतु याच लातूर जिल्ह्यात, किल्लारी परिसरात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली व हजारो लोक मृत्युमुखी पडले. भिंतीच्या दोन पदरांना सांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, दगड मातीत बसविलेले होते आणि गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे माती टाकून छत जड झालेले होते.

यास्तव जुन्या घराची हुबेहूब नक्कल करू नये. ठरावीक अंतरावर आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सर्व भिंतींवरून फिरणारी काँक्रीटची सलग पट्टी व हलके छत यांमुळे दगडी घरही पुष्कळ सुरक्षित होते. पट्टीतील लोखंड कोपऱ्यावर तुटता कामा नये. काटकसर नेमकी तेथेच केली जाते. गावठाणातील बांधकामासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज येतो, तेव्हा नकाशात ही पट्टी दाखविली आहे काय, हे सदस्यांनी अवश्य पाहावे.