बंबवाले काका आणि त्यांचं मन



देवनार-गोवंडीत राहणाऱ्यांना २०१६ चा जानेवारी नक्की आठवत असेल. महिनाअखेरीस डंपिंगला मोठी आग लागली, घराघरांत धूर शिरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचऱ्याची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते, त्यामुळे अग्निशमन दलाचे जवान तिथे कित्येक दिवस झगडत होते. आपण मुलांच्या खोकल्याची काळजी केली. पण त्या जवानांच्या मनाचं काय, हा प्रश्न किती जणांना पडला?

हे काम जिवावरचं आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतो. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गमावले. जे वाचतात, त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटा वाजली की निघावंच लागतं.

आधीची तयारी

शिडी, होस पाइप यांचा सराव होतो, तसाच मनाचाही करावा लागतो. घटनास्थळी काय दिसेल, कसला वास येईल, माणसं कशी आक्रोश करतील, हे आधीच स्पष्ट सांगितलं तर धक्का कमी बसतो. सराव इतका व्हावा की घाबरल्यावरही हात आपोआप चालले पाहिजेत. श्वास संथ करायला शिकणं, जोडीदारावर लक्ष ठेवणं हेही त्यातच येतं. आणि सर्वात अवघड धडा म्हणजे सगळं नीट करूनही प्रत्येकाला वाचवता येत नाही.

नंतरचा आधार

प्रसंगानंतर झोप न लागणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं, चिडचिड होणं हे स्वाभाविक आहे. बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं. आधी विश्रांती, जेवण आणि सोबत्यांचा सहवास हवा. पूर्वी सगळ्यांना लगेच एकत्र बसवून प्रसंग सांगायला लावत. अशा एकाच सक्तीच्या बैठकीने फायदा होत नाही, हे आता अभ्यासांतून दिसलं आहे. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकावं, ज्याला गप्प बसायचंय त्याला बसू द्यावं. मात्र महिना उलटूनही त्रास तसाच असेल, दारू वाढली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका, तज्ज्ञांकडे जायलाच हवं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. आपल्या देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवाही फोनवर समुपदेशन करते.

आपण काय करू शकतो?

आपल्या वर्गात जवान, पोलीस, परिचारिका यांची मुलं असतात. बाबा घरी येऊन गप्प बसले, तर मुलाला वाटतं, 'माझंच काहीतरी चुकलं.' त्याला सांगा, "बाबा थकलेत, तुझ्यावर रागावलेले नाहीत." घरच्यांनीही दारातच "किती गेले?" असं विचारू नये. "जेवून घ्या, मी इथेच आहे," एवढं पुरतं.

येत्या अग्निशमन सप्ताहात मुलांना केंद्रावर नेलंत, तर बंब जरूर दाखवा. आणि एखाद्या मुलाने विचारलं, "काका, तुम्हाला भीती वाटते का?" तर त्याला गप्प करू नका. भीती वाटते असं शूर माणसाच्या तोंडून ऐकणं, हा मुलांसाठी फार मोठा धडा आहे.