मातृभाषेतील मेनू : रचना, शब्द आणि धोरण

माहिती तंत्रज्ञानाचा लाभ सामान्य नागरिकापर्यंत पोहोचवावयाचा असेल, तर संगणकाच्या पडद्यावरील आज्ञा त्याला वाचता व समजता आल्या पाहिजेत. या आज्ञा ज्या सूचीच्या रूपाने त्याच्यासमोर येतात, तिला मेनू असे म्हणतात. मेनू मराठीत आणणे हे केवळ भाषांतराचे काम आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मेनूची बांधणी करतानाच आज्ञा आणि तिचे नाव परस्परांपासून वेगळे ठेवले असतील, तरच हे भाषांतर सुकर होते.

साधनसंचाची गरज

प्रारंभीच्या संगणकांवर वापरकर्त्याला आज्ञा पाठ करून टंकित कराव्या लागत. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये 'आल्टो' हा चित्रमय पडदा व माउस असलेला संगणक तयार झाला. ॲपल कंपनीच्या 'लिसा' (१९८३) आणि 'मॅकिंटॉश' (१९८४) या संगणकांनी पडद्याच्या वरच्या कडेवरील मेनूपट्टी लोकांच्या परिचयाची केली. प्रत्येक आज्ञावलीकाराने मेनू, बटणे व विंडो नव्याने घडविणे हा श्रमाचा अपव्यय ठरला असता. त्यामुळे हे घटक तयार स्वरूपात पुरविणारे साधनसंच विकसित झाले. 'गिंप' या चित्रसंपादन आज्ञावलीसाठी निर्माण झालेला 'जीटीके' आणि नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीने विकसित केलेला 'क्यूट' ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत.

मेनूची बांधणी

मेनूची रचना वृक्षासारखी असते. मेनूपट्टीत अनेक मेनू, प्रत्येक मेनूत अनेक नोंदी आणि काही नोंदींखाली उपमेनू अशी ही उतरंड असते. काही नोंदी निवडताच काम करतात, काही खूण करून चालू किंवा बंद ठेवता येतात, तर काही गटांतून एकच पर्याय निवडावा लागतो. नावापुढील तीन टिंबे ही आज्ञा पूर्ण होण्यापूर्वी आणखी माहिती विचारली जाईल, असे सुचवितात.

या रचनेतील महत्त्वाचे तत्त्व म्हणजे 'कृती' ही संकल्पना होय. 'जतन करा' ही कृती एकदाच परिभाषित केली जाते. नंतर मेनूतील नोंद, साधनपट्टीवरील चित्र आणि कंट्रोल व एस या कळांची जोडी ही तिन्ही त्याच कृतीशी जोडली जातात. जतन करण्यासारखे काही नसल्यास कृती अक्षम केली जाते आणि तिच्याशी जोडलेली नोंद व चित्र दोन्ही फिकट दिसू लागतात. जीटीकेच्या डिसेंबर २०२० मधील चौथ्या आवृत्तीत मेनूचे जुने घटक वगळण्यात आले. त्याऐवजी मेनूचा आराखडा व कृती स्वतंत्रपणे मांडण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

नाव आणि काम यांची फारकत

नावे कृतीपासून अलग असल्यामुळे ती बदलली तरी कामात फरक पडत नाही. 'गेटटेक्स्ट' या पद्धतीत आज्ञावलीकार भाषांतरयोग्य मजकुरावर खूण करतो. हा सर्व मजकूर एका संचिकेत गोळा होतो व अनुवादक त्यासमोर मराठी प्रतिशब्द लिहितो. आज्ञावली सुरू होताना वापरकर्त्याची भाषा पाहून योग्य संचिका वाचली जाते. प्रतिशब्द नसल्यास मूळ इंग्रजी शब्दच दिसतो. अर्धवट अनुवादित मेनू अर्धा मराठी व अर्धा इंग्रजी दिसतो, त्याचे कारण हेच.

दिल्ली परिसरातील प्रयत्न

या कामाला शासकीय पाठबळ नवी दिल्लीतून मिळाले. तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९९१ मध्ये 'भारतीय भाषांसाठी तंत्रज्ञान विकास' हा कार्यक्रम हाती घेतला. या क्षेत्रात काम करणाऱ्या सी-डॅक या संस्थेचे एक केंद्र दिल्लीलगतच्या नोएडा येथे आहे. शासनाने २००५ मध्ये तमिळ व त्यानंतर हिंदी भाषेसाठी टंक, कळफलक चालक आणि 'भारतीय ओपन ऑफिस' यांचा समावेश असलेल्या तबकड्या विनामूल्य उपलब्ध करून दिल्या. पारिभाषिक शब्दांच्या निर्मितीसाठी राष्ट्रपतींच्या १९६० च्या आदेशानुसार १९६१ मध्ये स्थापन झालेला वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगही दिल्लीतच आहे. महाराष्ट्रात १९६० मध्ये स्थापन झालेले भाषा संचालनालय मराठी परिभाषेचे काम पाहते.

शब्दनिवडीतील अडचणी

अनुवादकासमोर अनेकदा संपूर्ण मेनू नसतो, केवळ सुटे शब्द असतात. इंग्रजीतील 'व्ह्यू' हा शब्द नाम मानल्यास 'दृश्य' आणि क्रियापद मानल्यास 'पहा' होतो. यासाठी शब्दासोबत संदर्भ नोंदविण्याची सोय गेटटेक्स्टमध्ये आहे. एकाच मूळ शब्दासाठी एका आज्ञावलीत 'जतन करा' व दुसरीत 'साठवा' असे योजल्यास शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. शेवटची कृती मागे घेणे आणि चालू काम सोडून देणे या दोहोंसाठी 'रद्द करा' हाच शब्द वापरल्यास तर केलेले कामही वाया जाऊ शकते. म्हणून पहिल्यासाठी 'पूर्ववत करा' असा वेगळा शब्द योजणे इष्ट ठरते.

दुसरी अडचण कळांची आहे. इंग्रजी मेनूत नावातील एक अक्षर अधोरेखित असते व ते दाबून नोंद उघडता येते. देवनागरीत मात्र मात्रा व जोडाक्षरांमुळे एक दृश्य अक्षर अनेक संकेतांचे बनलेले असते, शिवाय कळफलकाचे आराखडेही भिन्न असतात. त्यामुळे 'फाइल' या मराठी नावापुढे कंसात रोमन अक्षर देण्याचा मार्ग अनेक अनुवादकांनी पत्करला. ही तडजोड उपयुक्त असली तरी रोमन लिपी न जाणणाऱ्याला तिचा लाभ होत नाही.

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषांचा समावेश आहे. या भाषांतील नागरिकांना संगणक आपलासा वाटावा यासाठी टंक व कळफलक आवश्यक आहेत, परंतु ते पुरेसे नाहीत. अनुवादाला वाव देणारी मेनूची बांधणी, संदर्भासह दिलेला मजकूर आणि सर्व आज्ञावलींत समान राहणारी परिभाषा या तिन्हींची सांगड घातली गेली, तरच कार्यालयात प्रथमच संगणकासमोर बसणारा कर्मचारी योग्य आज्ञा निर्धास्तपणे निवडू शकेल.